सिममधला ओरडा आणि दोन रकान्यांची वही

रात्रीचे पावणेतीन. ए३२० विमानाच्या सिममध्ये, म्हणजे कॉकपिटची नक्कल करणाऱ्या यंत्रात, व्ही-वननंतर (ज्या वेगानंतर टेक-ऑफ थांबवायचा नसतो) लगेच उजवं इंजिन गेलं, नाक उजवीकडे वळायला लागलं आणि डावा रडर (नाक सरळ ठेवणारं पायातलं नियंत्रण) द्यायला मला दोन सेकंद उशीर झाला. मागून प्रशिक्षकाचा आवाज आला, "पायात जीव आहे का? गावाकडे ट्रॅक्टर चालवायचा सोडून इथे कशाला आलास?" आणि त्याबरोबर गुंडाळलेली चेकलिस्ट खांद्यावर.

आमच्याकडे ट्रॅक्टर खरंच होता, त्यामुळे तेव्हा ते फारसं लागलं नाही. लागलं ते पहाटे हॉटेलवर, सत्राचे नोट्स लिहायला बसलो तेव्हा. चार तासांच्या सत्रात आपण नेमकं काय चुकलो, हे आठवेचना. ट्रॅक्टर तेवढा लख्ख आठवत होता.

शिव्या देणाऱ्या प्रशिक्षकामुळे होणारं खरं नुकसान हे असं असतं. मनाला लागतं ते वेगळंच, पण ज्या सत्राचे इतके पैसे मोजलेत त्यातलं शिक्षणच हातून जातं. टाइप रेटिंगला (एका विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाला) निघालेल्या मुलामुलींसाठी पुढचं लिहितोय. बारामती, गोंदिया, धुळ्यात २०० तास उडून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) घेतलेली मुलं जेव्हा गुरुग्राम, नोएडा किंवा हैदराबादच्या सिम सेंटरला पहिल्यांदा जातात, तेव्हा त्यांना विमानाबद्दल पुष्कळ सांगितलं जातं. माणसांबद्दल कोणी बोलत नाही.

आधी कोण कुठे बसतं ते बघा

क्रम साधारण असा: वर्ग आणि संगणकावरचा अभ्यास, मग न हलणारा ट्रेनर, मग पूर्ण हालचालीचं सिम, स्किल टेस्ट, खऱ्या विमानावर टेक-ऑफ आणि लँडिंगचं बेस ट्रेनिंग, मग प्रवासी घेऊन प्रशिक्षक कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंग आणि शेवटी रिलीज चेक, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय उडायला सोडण्याआधीची चाचणी. या वाटेवर तुम्हाला आठ-दहा वेगवेगळे प्रशिक्षक भेटतील. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा सहसा वेगळा असतो. शेरे लिहिले जातात ते ट्रेनिंग फाइलमध्ये, आणि ही फाइल ट्रेनिंग विभागाची असते, त्या एका माणसाची नव्हे.

हे आधीच डोक्यात पक्कं असलेलं बरं, कारण वाईट प्रशिक्षकाचं पहिलं वाक्य बहुधा असतं, "तुझं करिअर माझ्या पेनात आहे." त्याच्या पेनात एका सत्राचा शेरा असतो. एका वाईट शेऱ्यावरून कोणी घरी जात नाही. जादा सत्र मिळतं, बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाबरोबर.

कडक आणि विखारी, यातला फरक

इथे जरा थांबतो, कारण नव्या मुलांची दोन्हीकडून गल्लत होते.

कडक प्रशिक्षक ओरडेल, पण विमानाबद्दल ओरडेल. "स्पीड बघ! स्पीड!" हा अपमान नाही, त्या क्षणी तेच सांगायला हवं होतं. तो तुम्हाला तीच अप्रोच (उतरण्याआधीचा टप्पा) पाच वेळा करायला लावेल, तोंडावर सांगेल की आज तुम्ही अभ्यास न करता आलात, नापासही करेल. ते सगळं त्याच्या कामात बसतं. हवाई दलातून आलेले म्हणजे तापट, असं एक मत आमच्या धंद्यात आहे. माझ्या वाट्याला आलेले सगळ्यात शांत दोन प्रशिक्षक तिथूनच आले होते.

विखारी माणसाच्या ओरड्यात विमान नसतंच. तुमचं गाव, बाप, जात, रंग, मुलगी असणं, इंग्रजी बोलण्याची ढब, कर्ज काढून शिकलात की बापाच्या पैशावर, हे सगळं असतं. हातावर फटका मारणं, चेकलिस्ट फेकणं, कॉलर धरणं असतं. आणि ज्याकडे सहज दुर्लक्ष होतं ते म्हणजे डीब्रीफच, म्हणजे सत्रानंतर काय चुकलं ते समजावणंच, न देणं: चार तास शिव्या आणि मग "तुला सांगून उपयोग नाही" म्हणत निघून जाणं. माझ्या मते शारीरिक माराखालोखाल हेच सगळ्यात गंभीर आहे, कारण शिकवण्याचे पैसे घेऊन न शिकवण्याचा हा प्रकार झाला.

इंग्रजीवरून चिडवणं मराठी माध्यमातल्या मुलांना फार आतपर्यंत जातं, म्हणून त्याबद्दल एक पक्की गोष्ट सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे आयकाओची, इंग्रजीची किमान पातळी ४ आहे. त्या पातळीच्या व्याख्येतच मान्य केलंय की उच्चारांवर मातृभाषेचा ठसा असेल. अट एवढीच की त्यामुळे समजायला अडचण फक्त कधीकधीच यावी. तुमच्या लायसन्सवर ती नोंद असेल तर 'वेदर'चा 'व' कसा म्हणता यावरून तुम्हाला कोणी नापास करू शकत नाही. कॉलआउट, म्हणजे उड्डाणात मोठ्याने म्हणायची ठरलेली वाक्यं, मात्र पाठ हवेत, शब्दाला शब्द. तिथे सवलत मागू नका.

आणि तक्रारीचा विचार करण्याआधी स्वतःला एकदा विचारा: मेमरी आयटम (आणीबाणीत न बघता करायच्या पायऱ्या) पाठ होते का? फ्लो (स्विच हाताळण्याचा ठरलेला क्रम) कॉटवर बसून, कागदी कॉकपिटसमोर केले होते का? उत्तर 'नाही' असेल तर आधी ते करा. अपमान त्यामुळे योग्य ठरत नाही. पण अर्ध्या तयारीने केलेल्या तक्रारीत समोरचा तुमच्या तयारीवरच बोलतो, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

ओरडा चालू असताना

सिममध्ये असाल तर पहिलं विमान उडवा. ते खोटं असलं तरी. उत्तर देऊ नका, मान वळवून मागे बघू नका. पिच (नाकाचा कोन), पॉवर, बीटा टार्गेट (रडर किती द्यायचा ते दाखवणारी खूण). चारशे फुटांच्या आत तसंही विमान उडवण्यापलीकडे फारसं काही करायचं नसतं. तोच श्वास घ्यायचा वेळ. तो सराव संपला किंवा गोष्ट फारच हाताबाहेर गेली तर शांतपणे म्हणा, "सर, सिम फ्रीझ करता का? मला नेमकं काय चुकलं ते समजून घ्यायचंय." हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फ्रीझचं बटण त्यासाठीच दिलेलं असतं. निम्म्या वेळा तरी या एका वाक्याने हवा बदलते, कारण आता त्यांना विमानाबद्दल बोलावं लागतं.

हात लावला तर तेव्हाच, एकदाच, आवाज न चढवता: "सर, कृपया हात लावू नका." बस. स्पष्टीकरण नको.

खऱ्या विमानात, लाइन ट्रेनिंगला, नियम अजून सोपा आहे. मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसलेली असतात. प्रशिक्षकाने "आय हॅव कंट्रोल" म्हटलं की "यू हॅव कंट्रोल" म्हणून हात काढा, कितीही अन्याय वाटला तरी. कंट्रोलवर ओढाताण करायची नाही. मग तुम्ही पायलट मॉनिटरिंग, म्हणजे लक्ष ठेवणारा वैमानिक. ते काम चोख करा. कॉलआउट करत राहा, विशेषतः ज्या कॉलआउटची भीती वाटते तेच. वाद पार्किंग ब्रेक लागल्यानंतर.

"आम्हीही हेच सोसलं"

हे तुम्हाला सीनियर सांगतील, प्रेमानेच सांगतील. बारामतीच्या धाब्यावर मिसळ खाताना मलाही एका दादाने सांगितलं होतं, "चार महिने कान बंद कर, सुटशील." त्या सल्ल्यातला दोष मला पुढे सीआरएमच्या (कॉकपिटमधल्या सहकार्याच्या) वर्गात कळला.

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट (बोइंग ७४७) धडकली आणि ५८३ माणसं गेली. धुक्यात परवानगीशिवाय टेक-ऑफ सुरू करणारा केएलएम या डच कंपनीचा कॅप्टन हा तिथला ७४७ चा मुख्य प्रशिक्षक होता. त्याच्या शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरची ७४७ वरची चाचणी त्यानेच साधारण दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलंही, की ते पॅन अ‍ॅमचं विमान बाजूला झालंय ना? कॅप्टन ठामपणे हो म्हणाला, आणि पुढे कोणी बोललं नाही. ज्याने परवा आपल्याला पास केलं, त्याला आज 'थांबा' कसं म्हणायचं? आपल्याकडे मंगळूरला २२ मे २०१० ला १५८ माणसं गेली, तेव्हा फर्स्ट ऑफिसर 'गो अराउंड' (उतरू नका, पुन्हा वर चला) म्हणाला होता, एकदा नव्हे, अनेकदा. विमान तरी उतरलंच.

कान बंद करायची सवय चार महिने लागली की ती रिलीज चेकच्या दिवशी आपोआप सुटत नाही. म्हणून निमूट सोसणं हा मला मोठेपणा वाटत नाही. आणि प्रशिक्षकाशी भांडणं हाही उपाय नाही. मधली वाट कागदावरून जाते.

डीब्रीफ, आणि सही करण्याआधी

आजकाल शेरे बहुतेक टॅबलेटवर असतात. कंपन्यांत क्षमतांनुसार गुण देतात, बऱ्याच ठिकाणी १ ते ५. प्रक्रिया पाळणं, हाताने विमान उडवणं, ऑटोमेशन, संवाद, निर्णय, कामाचा भार सांभाळणं, अशा त्या क्षमता. ही पद्धत तुमच्या बाजूची आहे, कारण तिला 'ढ आहे' असा शेरा चालत नाही. काय दिसलं ते लिहावं लागतं.

म्हणून गुण कमी असेल तर विचारा: "सर, हा कोणत्या क्षमतेत कमी आहे? नेमकं काय दिसलं?" उत्तर लिहून घ्या. सही करण्याआधी पूर्ण वाचा, पहाटेचे पाच वाजले असले तरी, प्रशिक्षक गाडीची किल्ली फिरवत उभा असला तरी. प्रशिक्षणार्थीच्या शेऱ्यासाठी जागा असते. ती जवळपास सगळेच 'धन्यवाद सर' लिहून भरतात. तिथे खरं आणि साधं लिहा: "इंजिन फेल्युअरनंतर रडर उशिरा दिला, मान्य आहे. डीब्रीफ ५ मिनिटांचा झाला. सिंगल इंजिन गो अराउंडवर चर्चा झाली नाही. पुढच्या सत्रात त्यावर वेळ मिळावा." यात कोणावर आरोप नाही, पण पुढचा प्रशिक्षक ते वाचतो. सही म्हणजे वाचल्याची पोच. सहमती नसेल तर तसं त्याच जागेत लिहा.

वही

आता ती वही. साधी दोनशे पानी, किराणा दुकानातली. मध्ये उभी रेघ. डाव्या रकान्यात विमान, उजव्या रकान्यात माणूस. त्या ट्रॅक्टरच्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी मी सुरू केली, आणि पहिल्या पानावर असं काही होतं:

डावीकडे: *व्ही-वन कट, उजवं इंजिन. रडर २ सेकंद उशिरा. कारण: नजर लवकरच आत, पीएफडीवर (समोरच्या मुख्य पडद्यावर) गेली, धावपट्टीवर राहिली नाही. रोटेशन घाईत. पुढच्या वेळी: नजर बाहेर, आधी पाय, मग नाक हळू, मग नजर आत.*

उजवीकडे: *सत्र ४, ०२:४५ च्या सुमारास. "ट्रॅक्टर..." (पूर्ण वाक्य). चेकलिस्टने उजव्या खांद्यावर मारलं. पार्टनर डाव्या सीटवर. डीब्रीफ नाही.*

उजव्या रकान्यात विशेषणं नाहीत. 'खूप वाईट वागले' याला पुढे काही किंमत नसते. तारीख, वेळ, शब्द आणि समोर कोण होतं, याला असते. ज्या भाषेत म्हटलं त्याच भाषेत लिहा, शिवीसकट. झोपायच्या आधी लिहा, कारण सकाळपर्यंत मेंदू शब्द बदलतो. लिहून झाल्यावर त्या पानाचा फोटो स्वतःलाच मेल करा, म्हणजे कधी लिहिलं याचा पुरावा राहतो.

डाव्या रकान्याचा उपयोग मात्र दुसऱ्याच रात्री होतो. ओरड्यातून चूक वेगळी काढली की ती लहान दिसायला लागते. दोन सेकंदांचा उशीर सुधारता येतो.

चोरून रेकॉर्डिंगचा मोह टाळा. सिममध्ये फोन चालवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि मग चौकशी तुमच्या फोनचीच होते. बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव घेऊन शिव्या घालणं हेही तसंच. स्क्रीनशॉटला पाय असतात.

पार्टनर

तुमचा एकमेव साक्षीदार तोच, आणि तोही तितकाच घाबरलेला. त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करू नका. एवढंच विचारा, "काल जे झालं ते तू पाहिलंस ना?" आणि उत्तर मेसेजवर आलं तर बरं. माझा पार्टनर नाशिकचा होता, त्याने फक्त "हो रे, खांद्यावर मारलं ते चुकीचं होतं" एवढं पाठवलं. पुरेसं झालं.

प्रशिक्षक बदलून मागणं

एका वाईट सत्रावर हे करू नका. कोणाचाही दिवस वाईट जातो. अंगावर हात, जात किंवा लैंगिक शेरेबाजी याला मात्र दुसरी वेळ बघायची गरज नाही. बाकी प्रकारात दोन-तीन सत्रं बघा, एकदा स्वतः बोलून बघा: "सर, मला चूक सांगितलीत की मी लवकर शिकतो. वैयक्तिक बोललं की माझं लक्ष उडतं." मी हे बोललो तेव्हा ते हसले. पुढच्या सत्रात फरक पडला नाही. पण 'आधी बोललो होतो' हे पुढे लिहिता आलं.

मग ट्रेनिंग विभागाच्या प्रमुखाला मेल. इंग्रजीत जाईल, पण आशय असा ठेवा:

*"माझी ३, ४ आणि ५ ही सत्रं कॅप्टन अमुक यांच्याबरोबर झाली. इंजिन फेल्युअर आणि सिंगल इंजिन अप्रोचमध्ये मी मागे आहे, याची मला जाणीव आहे. या सत्रांत पुरेसा डीब्रीफ झाला नाही आणि काही वैयक्तिक शेरे व शारीरिक स्पर्श झाला; तारखा व तपशील सोबत जोडले आहेत. ५ तारखेला मी त्यांच्याशी याबद्दल बोललो होतो. उरलेली सत्रं दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर मिळावीत, ही विनंती."*

आधी स्वतःची कमतरता, मग तथ्य, मग एकच मागणी. 'त्यांच्यावर कारवाई करा' ही मागणी याच मेलमध्ये घालू नका. ती वेगळी लढाई आहे आणि ती लढायची की नाही हे शांत डोक्याने ठरवता येतं. मेल दुपारी पाठवा, सत्राआधी नाही. मला चार दिवसांत बदल मिळाला. कारण विचारलं नाही, सांगितलंही नाही.

त्यापलीकडे जायचं असेल तर

मुलींच्या बाबतीत लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर २०१३ च्या कायद्याखाली (तो महिलांसाठीच आहे) कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर समिती आणखी तीन वाढवू शकते. 'मी अजून कायम नाही' म्हणून थांबू नका; प्रोबेशनर आणि ट्रेनी दोघेही या कायद्यात कर्मचारीच आहेत. आणि कामाची जागा म्हणजे फक्त सिम नव्हे. कामानिमित्त जावं लागलेलं लेओव्हरचं हॉटेल आणि कंपनीची कॅबही त्यात येते.

अनुसूचित जाती-जमातीतल्या कोणाचा जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो, म्हणून तिथे कोण हजर होतं ही नोंद निर्णायक ठरते. वकिलाशी बोलूनच पाऊल टाका. घटना दुसऱ्या शहरातली असली तरी झिरो एफआयआर तुमच्या गावातही नोंदवता येतो. २०२५ च्या जूनमध्ये एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाने अशी तक्रार बंगळुरात नोंदवली आणि ती गुरुग्रामला वर्ग झाली. कंपनीने आरोप नाकारले होते.

प्रशिक्षकाच्या वागण्यामुळे खऱ्या उड्डाणात काही धोका झाला असेल, म्हणजे अस्थिर अप्रोच, सुटलेला कॉलआउट, तर कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे गोपनीय रिपोर्ट टाका. तिथे स्वभावाची तक्रार नको, फक्त विमानाचं काय झालं ते लिहा.

झोप आणि औषधं

या काळात झोप उडते. झोपेची गोळी कोणाकडून मागून घेऊ नका. वैमानिकाने कोणतंही औषध एव्हिएशन डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. कंपनीत पीअर सपोर्ट असेल तर तिथे बोला. नसेल, किंवा कंपनीतल्या कोणाशीच बोलावंसं वाटत नसेल, तर टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. मेडिकल (उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) जाईल या भीतीने गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत. बोलण्याने मेडिकल जात नाही.

आईला काय सांगायचं हा प्रश्न मला कधी सुटला नाही. मी 'छान चाललंय' म्हणायचो आणि तिला कळायचं.

बॉण्ड आणि राजीनामा

सिमहून परतल्यावर त्याच दिवशी राजीनामा लिहू नका. बॉण्ड (कंपनीशी केलेला नोकरी-प्रशिक्षणाचा करार) काढा, वाचा. प्रशिक्षण अर्धवट राहिलं तर वसुली होते का, स्वतः सोडलं आणि कंपनीने काढलं यात फरक केलाय का, हे बघा. बॉण्डवर सही करायच्या आधीच हे वाचलं असतं तर उत्तम, पण आपल्यापैकी कोणी ते करत नाही. तेव्हा नोकरी मिळाल्याचे पेढे वाटले जात असतात.

कंपनीने 'प्रगती असमाधानकारक' म्हणून बोलावलं तर तोंडी काही मान्य करू नका. जादा सत्र मिळावं, ते दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर असावं, हे लेखी मागा. आणि कोणत्याही कारणाने बाहेर पडायची वेळ आली तर लॉगिन बंद होण्याआधी तुमच्या प्रत्येक सत्राच्या शेऱ्याची प्रत उतरवून घ्या. पुढच्या मुलाखतीत टेबलापलीकडचा माणूस तीच मागतो.